ॲप चालू झालं, पण नोंदी कुठे आहेत?

"आम्हाला पण दुकानासाठी ॲप बनवायचंय, कुठून सुरू करू?" हा प्रश्न कमेंटमध्ये सारखा येतो. या आठवड्याच्या व्हिडिओत मी फ्रॅपे वापरून रिकाम्या लॅपटॉपवर बुकिंगचं ॲप उभं करून दाखवलंय. कमांड नेमक्या कशा टाइप करायच्या ते तिथे स्क्रीनवर दिसेल. व्हिडिओत न बसलेली गोष्ट इथे लिहितो, कारण तीच मला सगळ्यात महाग पडली.

आपल्या भागात फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे हळद. काढणी झाली की हळद शिजवायची, उन्हात वाळवायची, मग पॉलिश करायची. प्रत्येक शेतकऱ्याकडे शिजवायचा कुकर नसतो, तो भाड्याने घेतात. माझं दुकान शेती साहित्याचं, पाइप-मोटारीचं. जोडधंदा म्हणून मी दोन कुकर भाड्याने देतो. हंगामात हे दोन कुकर म्हणजे लग्नसराईतलं मंगल कार्यालय समजा. तारीख एकच आणि मागणारे चार.

आधी हे सगळं एका लाल वहीत होतं. नाव, गाव, मोबाईल, कुकर नंबर, कधीपासून कधीपर्यंत, इसार किती. मग मला वाटलं, आपण लोकांना डिजिटल व्हा म्हणून सांगतो आणि स्वतः वहीत लिहितो, हे काही बरोबर नाही.

मुंबईचं सॉफ्टवेअर, फुकटात

फ्रॅपे निवडायला कारण होतं. ही मुंबईची कंपनी आहे, 2008 साली रुषभ मेहता यांनी सुरू केलेली. घरच्या फर्निचरच्या धंद्याला लागणारं सॉफ्टवेअर तयार करता करता हे काम उभं राहिलं. त्यांचं ईआरपीनेक्स्ट आज जगभर वापरतात. त्याच्या खाली जो पाया आहे तो फ्रॅपे फ्रेमवर्क. दोन्ही ओपन सोर्स, म्हणजे उतरवून घ्यायला आणि वापरायला पैसे लागत नाहीत.

यात आपण कोरा कोड लिहीत बसत नाही. प्रोजेक्ट तयार करून मिळतो. क्रम असा:

पहिली कमांड बेंच इनिट. ही फ्रॅपे उतरवते आणि एक मोठा फोल्डर बनवते. त्यात ॲप्स आणि साइट्स असे दोन महत्त्वाचे फोल्डर असतात. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यांच्यावर आहे.

दुसरी बेंच न्यू-साइट. ही तुमच्यासाठी मारियाडीबीमध्ये नवा डेटाबेस उघडते आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विचारते.

तिसरी बेंच न्यू-ॲप. ॲपचं नाव, माहिती, ईमेल, लायसन्स असे प्रश्न विचारते आणि ॲपचा सांगाडा तयार करून देते.

चौथी इन्स्टॉल-ॲप. तो सांगाडा आपल्या साइटला जोडते.

शेवटी बेंच स्टार्ट. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट 8000 उघडलं की लॉगिनचं पान समोर.

एक सूचना: हे थेट विंडोजवर चालत नाही. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल किंवा डॉकर घ्यावं लागतं. मी जुन्या लॅपटॉपवर सरळ उबुंटू टाकलं.

यानंतरची गंमत म्हणजे डॉकटाइप. तुम्ही "कुकर बुकिंग" नावाचा डॉकटाइप बनवा आणि त्यात रकाने टाका. सेव्ह केलं की डेटाबेसमधला तक्ता, भरायचा फॉर्म, यादी, शोध आणि कोणाला काय दिसावं याच्या परवानग्या, सगळं आपोआप तयार. मी पहिल्यांदा केलं तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे, आता झोपा."

मग मार्च आला

वहीतली बुकिंग ॲपमध्ये भरली. फोन आला की लगेच नोंद. यादी तारखेप्रमाणे लागायची, इसार किती जमा झाला ते दिसायचं. पंधरा दिवसांत मी वहीत लिहिणं बंद केलं. आणि बॅकअप? घेत होतो ना. दर रविवारी ॲप्स फोल्डरमधला माझ्या ॲपचा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करायचो. पेनड्राइव्ह गल्ल्यात ठेवायचो. एकदम निर्धास्त.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. सकाळी चालूच झाला नाही. दुरुस्तीवाल्याने डिस्क कानाला लावली, टिकटिक आवाज ऐकला आणि मान हलवली.

मी म्हटलं, काही हरकत नाही, पेनड्राइव्ह आहे. दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर पुन्हा सगळं बसवलं. तोवर दुपार झाली. पेनड्राइव्हवरून ॲप आणलं, साइटला जोडलं, बेंच स्टार्ट केलं. लॉगिन झालं. आणि आत कुकर बुकिंग नावाची वस्तूच नव्हती. नोंदी तर नव्हत्याच, फॉर्मसुद्धा नव्हता.

आदल्या रात्री यादीत 37 नोंदी मी स्वतः पाहिल्या होत्या. त्या 37 जणांपैकी कोणाचा कुकर कोणत्या तारखेला, हे आता मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी फोनचा कॉल लॉग, व्हॉट्सॲप आणि ऑनलाइन आलेल्या इसाराचे मेसेज काढून बसलो. 500 रुपये, कोणाकडून, कोणत्या दिवशी. एकेकाला फोन लावून "काका, तुमची तारीख कोणती ठरली होती?" असं विचारत होतो. दुकानदाराने गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचारणं म्हणजे काय ते तुम्हाला कळेल. 31 जण सापडले. सहा जणांनी रोख इसार दिला होता, त्यांचा माग कुठेच नव्हता.

त्या सहापैकी एक काका चार दिवसांनी दुकानात आले. हळद काढून वावरात ढीग लावलेला, ओल्या फडक्याने झाकलेला. त्यांची तारीख आजची होती आणि त्यांचा कुकर मी दुसऱ्याला दिला होता. वर आभाळ भरून आलेलं.

काका भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मागच्या वर्षी वहीत लिहीत होता नं भाऊ तुम्ही?"

वसमतकडच्या एका कुकरवाल्याला माझ्या खिशातून जास्तीचं भाडं देऊन मी कुकर आणला, पण तोही तिसऱ्या दिवशी मिळाला. पैसे गेले ते गेले. त्या काकांना तीन दिवस झोप लागली नसेल, त्याची भरपाई कोणत्या कमांडने करणार?

चूक कुठे झाली

सॉफ्टवेअरची चूक काहीच नव्हती. त्याने जे सांगितलं होतं तेच केलं. मला माझ्याच घरात कोणती वस्तू कुठे ठेवलीय ते माहीत नव्हतं. तयार मिळालेल्या प्रोजेक्टचा हाच धोका आहे. आपण स्वतः बांधलेला नसतो, त्यामुळे तो चालताना दिसला की आपल्याला सगळं समजलं असं वाटतं.

दोन गोष्टी होत्या.

पहिली: नोंदी ॲपच्या फोल्डरमध्ये राहतच नाहीत. त्या मारियाडीबीच्या डेटाबेसमध्ये असतात. ॲपचा फोल्डर म्हणजे दुकानातले रॅक. मी दर रविवारी रॅक उचलून सुरक्षित ठेवत होतो आणि माल तिथेच सोडत होतो.

दुसरी: फॉर्मसुद्धा का गेला? कारण मी डेव्हलपर मोड चालू केला नव्हता. हा मोड बंद असताना तुम्ही डॉकटाइप बनवला तर तो कस्टम म्हणून फक्त डेटाबेसमध्ये साठतो. मोड चालू असेल आणि डॉकटाइप आपल्या ॲपच्या मॉड्यूलमध्ये बनवला, तर त्याची फाइल ॲपच्या फोल्डरमध्ये लिहिली जाते आणि ॲप नेलं की फॉर्मही सोबत जातो. म्हणजे माझ्या पेनड्राइव्हवर जो सांगाडा होता तो न्यू-ॲपने पहिल्या दिवशी दिला तसाच, कोराच्या कोरा होता.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा

एप्रिल संपल्यावर शांतपणे बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. या वेळी आधी कागदावर.

वहीचं पान समोर ठेवा आणि प्रत्येक रकाना काय आहे ते लिहा. मोबाईल नंबर हा आकडा नाही, तो मजकूर म्हणून ठेवा. त्याची बेरीज कोणी करत नाही, आणि पुढे शून्य किंवा अधिक 91 लावलं की आकड्याच्या रकान्यात घोळ होतो. गावाचं नाव हाताने टाइप करायला ठेवू नका. पहिल्या वेळी माझ्याकडे "शिरड", "शिरड शहापूर" आणि "शि. शहापूर" अशी एकाच गावाची तीन गावं झाली होती. गावांची वेगळी यादी करा आणि लिंक प्रकारचा रकाना देऊन त्यातूनच निवडायला लावा. कुकरसाठीही तेच.

मग डेव्हलपर मोड चालू करून डॉकटाइप बनवला. ॲपच्या फोल्डरमध्ये जाऊन फाइल तयार झाली का ते डोळ्यांनी पाहिलं. ही सवय लावून घ्या. "झालं असेल" म्हणू नका, उघडून बघा.

त्यानंतर आली धंद्याची अट. फॉर्म आपोआप तयार होतो, पण एक कुकर एकाच दिवशी दोन वावरांत उभा राहू शकत नाही हे त्याला कसं कळणार? ते आपण सांगायचं. डॉकटाइपसोबत पायथनची एक फाइल मिळते, त्यात व्हॅलिडेट नावाच्या जागी ही तपासणी लिहायची. नोंद सेव्ह होण्याआधी ती चालते.

मी हा तुकडा एआयकडून लिहून घेतला. त्याने पहिल्यांदा दिलेला कोड फक्त "सुरुवातीची तारीख सारखी आहे का" एवढंच बघत होता. आता बघा: कुकर नंबर 1 हा 12 ते 14 मार्चला दिलाय. नवा माणूस 13 ते 15 मागतोय. सुरुवातीच्या तारखा वेगळ्या, म्हणून कोड म्हणतो सेव्ह करा. गेला की घोटाळा!

बरोबर नियम असा: नव्या बुकिंगची सुरुवात जुन्याच्या शेवटच्या दिवशी किंवा त्याआधी असेल, आणि नव्याचा शेवट जुन्याच्या पहिल्या दिवशी किंवा त्यानंतर असेल, तर दोन्ही भिडतात. 13 ही 14 च्या आधी आहे, 15 ही 12 च्या नंतर आहे, म्हणजे भिडलं. 15 ते 16 मागितलं तर 15 ही 14 च्या नंतर आली, म्हणजे चालेल. शिवाय दोन गोष्टी सांगाव्या लागतात: रद्द झालेलं बुकिंग मोजू नको, आणि नोंद दुरुस्त करताना तिची तिच्याशीच तुलना करू नको. नाहीतर फक्त मोबाईल नंबर बदलला तरी "कुकर आधीच बुक आहे" असा निरोप येतो.

ही अट मी कॉम्प्युटरला द्यायच्या आधी वहीवर बोट ठेवून पाच बुकिंगांवर तपासली. कोड कोणीही लिहू दे, बरोबर उत्तर काय ते आपल्याला आधी माहीत असलं पाहिजे.

बॅकअप घेतला म्हणजे काय

फ्रॅपेत बॅकअपची वेगळी कमांड आहे. ती साइटच्या नावासह द्यायची, सोबत विथ-फाइल्स लावलं की जोडलेले फोटो-कागदही येतात. डेटाबेसची दाबून लहान केलेली फाइल साइट्स फोल्डरात, आपल्या साइटच्या प्रायव्हेट-बॅकअप्समध्ये तयार होते. साइटची कॉन्फिग फाइलही जपून ठेवा. तिच्यातली एन्क्रिप्शन की नसेल तर साठवलेले पासवर्ड परत उघडत नाहीत.

पण फाइल तयार होणं म्हणजे अर्धं काम. ती त्याच लॅपटॉपवर पडून असेल तर डिस्कसोबत तीही जाईल. म्हणून एक प्रत पेनड्राइव्हवर, एक ऑनलाइन ड्राइव्हवर. आणि महत्त्वाचं: दुसऱ्या कॉम्प्युटरवर नवी साइट उघडून त्यात ही फाइल रिस्टोअर करून बघा. आपलं ॲपही तिथे हवंच. लॉगिन करा, यादी उघडा, नोंदींची संख्या जुळते का बघा. मी हे हंगामाआधी एकदा आणि हंगामात दर महिन्याला करतो. जो बॅकअप उघडून पाहिला नाही, तो माझ्या त्या पेनड्राइव्हसारखाच.

काळी खिडकी बंद केली तर?

आणखी एक गोष्ट नवीन लोकांना कोणी सांगत नाही. बेंच स्टार्ट ही तुमच्या टेबलावर बसून काम करण्यापुरती सोय आहे. ती टर्मिनलची काळी खिडकी बंद केली की ॲप बंद. आमच्या दुकानातल्या पोराने "ही कशाला उघडी ठेवली" म्हणून एकदा ती बंद केली, आणि मी शेतातून फोनवर ॲप उघडत बसलो.

ॲप चोवीस तास हवं असेल तर दोन रस्ते. एक, सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर प्रॉडक्शन सेटअप करायचा. त्यात सुपरवायझर नावाचा प्रोग्रॅम सगळं चालू ठेवतो आणि एनजिनएक्स बाहेरून येणाऱ्यांना आत सोडतो. दोन, फ्रॅपेची स्वतःची क्लाउड सेवा किंवा तशीच दुसरी होस्टिंग सेवा महिन्याच्या भाड्याने घ्यायची. सर्व्हर सांभाळायला वेळ नसेल तर दुसरा रस्ता. भाडं आधी विचारा आणि हंगामाच्या कमाईत धरा.

ॲप इंटरनेटवर गेलं की जबाबदारी वाढते. त्यात शेतकऱ्यांची नावं आणि नंबर आहेत. 2023 साली संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर केलाय. कायदा बाजूला ठेवला तरी, काकांनी नंबर कुकरसाठी दिलाय, गावभर वाटायला नाही. डेव्हलपर मोड तिथे बंद ठेवा. सगळ्यांना ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड देऊ नका. दुकानातल्या पोराला वेगळं लॉगिन द्या, त्याला नोंद करता येईल पण पुसता येणार नाही अशी परवानगी लावा.

"सर, एआय तर एका वाक्यात ॲप देतं"

हो, देतं. फेब्रुवारी 2025 मध्ये आंद्रेई कार्पाथी यांनी त्याला व्हाइब कोडिंग हे नाव दिलं, आणि वर्षभरात ते सगळीकडे झालं. मीही वापरतो. पण जुलै 2025 मधली गोष्ट ऐका. अमेरिकेतले उद्योजक जेसन लेमकिन रेप्लिट या सेवेवर एआयकडून ॲप बनवून घेत होते. कोडमध्ये काही बदल करू नको असं सांगितलेलं असतानाही एआयने त्यांचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली, नोंदी नंतर परत मिळवता आल्या.

तिथे अमेरिकेतला मुरलेला माणूस होता, इथे मी होतो. प्रश्न एकच: नोंदी कुठे आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत कोणाच्या हातात आहे? ॲप फ्रॅपेने बनवलेलं असो, एआयने असो, नाहीतर पुण्याच्या एखाद्या कंपनीने, हा प्रश्न मालकानेच विचारायचा असतो.

आणि खरं सांगू? महिन्याला वीस नोंदी असतील तर ॲप बनवू नका. वही किंवा एक्सेल पुरेसं आहे. दोन माणसं एकाच वेळी नोंद करतात, तारखा भिडतात, इसाराचा हिशोब चुकतो, असा त्रास सुरू झाला की मग या.

या आठवड्याचं काम

तुम्ही आज जे काही वापरता, उधारीचं ॲप, बिलिंग सॉफ्टवेअर, काहीही, त्यासाठी कागदावर तीन ओळी लिहा. माझ्या नोंदी नेमक्या कोणत्या ठिकाणी साठतात? शेवटची प्रत कधी काढली आणि ती कुठे ठेवली? ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून शेवटचं कधी पाहिलं? तिसऱ्या ओळीपुढे काहीच लिहिता येत नसेल तर उद्या दुकान उघडल्यावर पहिलं काम तेच.

ते काका यंदा पुन्हा आले. मी ॲपमध्ये नोंद केली, तारीख भिडत नाही हे स्क्रीनवर दाखवलं, आणि पावती छापून हातात दिली. त्यांनी पावती घडी करून खिशात ठेवली. मग काउंटरवर ठेवलेल्या लाल वहीकडे बघून म्हणाले, "त्यात पण लिहा."

लिहिलं. हंगामात आता रोज संध्याकाळी दुकान बंद करताना वहीतल्या ओळी आणि ॲपमधल्या नोंदी जुळवतो. पाच मिनिटं लागतात. पुढच्या व्हिडिओत बॅकअप रिस्टोअर करून दाखवणार आहे, त्याआधी तुमच्या तीन ओळी कमेंटमध्ये लिहा.